गेटजवळ झुकत्या फांद्यांचं झाड हवंय, वीपिंग बॉटलब्रश पिवळा पडालाय, काय करू?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात घर बांधलंय, गेटच्या डाव्या अंगाला १० बाय १२ फुटाचा मोकळा तुकडा सोडलाय आणि तिथं एकच झाड लावायचं, पण फांद्या खाली लोंबणारं, हे घर बांधायच्या आधीपासून ठरलेलं. बायकोनं काश्मीरला दल लेकच्या काठाचे विलो बघितलेत तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच बसलंय. नर्सरीवाला म्हणाला विलो सोलापुरात विसरा साहेब, हा वीपिंग बॉटलब्रश न्या, लाल फुलं येतात, फांद्या पण लोंबतात, मेंटेनन्स काही नाही. म्हणून पावसाळ्यात तो लावला.

आता प्रॉब्लेम असा की आणला तेव्हा साडेतीन फूट होता, अजून पण तेवढाच आहे. दिवाळीपासून शेंड्याकडची नवीन पानं पिवळी पडालीत, खालची जुनी मात्र हिरवीगार. नर्सरीवाल्याला फोटो पाठवला तर म्हणाला १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) टाका, ते टाकलं, ढिम्म फरक नाही. शेजारचे काका म्हणतात पाणी कमी पडालंय, सासरे म्हणतात पाणी जास्त झालंय, आणि दोघंही एकाच वेळी गेटपाशी उभे राहून सांगालेत.

पाणी बोअरचं आहे, एकदम जड, बादलीला पांढरा थर धरतो. महापालिकेचं चार-पाच दिवसांआड येतं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला पुरवून वापरायचं, झाडाला कुठनं घालणार. गड्डा, म्हणजे आमची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, नुकताच संपलाय, आता ऊन वाढत जाणार, त्याच्या आत काहीतरी ठरवावं लागेल. हेच झाड वाचवावं का उपटून दुसरं लावावं? आणि विलो खरंच अजिबात जमत नाही का, हे बायकोला दाखवायला कुणीतरी नीट लिहा प्लीज.

एमएच१३_विकी

अशोक लावा की ओ. सहा रोपं लाईनीत, विषय संपला. त्याच्या पण फांद्या खालीच येतात की. सगळ्या मंगल कार्यालयांच्या बाहेर तेच दिसतंय, उगाच लावत्यात का लोक. बॉटलब्रश आपल्याकडं जगत नाही, काढून टाका.

बाग_आणि_बरंच

विकी, जगत नाही कसं म्हणतोस बाबा, आमच्या होटगी रोडच्या कॉलनीतल्या बागेत आहेत की, चांगले पहिल्या मजल्याच्या वर गेलेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये लालभडक होतात आणि सकाळी शिंजिरांचा नुसता धिंगाणा असतो त्यावर, मधमाश्या वेगळ्याच. अशोकाला माझी ना नाही पण तो उभाच्या उभा वाढतो, खाली बसायला सावली म्हणून नाही, आणि आपल्या लोकांना तो तारेला लागला की शेंडा छाटायची भारी हौस. शेंडा गेला की वरून चार-पाच फांद्या फुटतात आणि सगळा आकार बिघडतो. आणि एका झाडाच्या जागेत सहा अशोक लावले की कुंपण तयार होतं, ह्यांना झाड हवंय.

आता विलोबद्दल, वहिनींसाठी. तो मूळचा चीनचा. पुढं सगळीकडं पसरला पण कुठंही गेला तरी त्याला पाण्याचा काठ लागतो. दल लेकला तो सुखात आहे कारण तिथं मुळं बारा महिने ओली असतात आणि हवा थंड. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बराचसा सप्टेंबरात, आणि मे महिन्यात पारा ४३-४४ वर. गंमत अशी की विलोची नुसती काडी मातीत खोचली तरी फुटते, पहिल्या पावसाळ्यात झकास वाढते, त्यामुळं माणसाला वाटतं जमलं. मग एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपायला सुरुवात होते. जगवायचाच म्हटलं तर रोज भरपूर पाणी, आणि एवढं करून त्याची मुळं पाण्याच्या वासानं ड्रेनेजच्या पायपात शिरतात, नवीन घराला ती भानगड कशाला. आपला गावठी विलो म्हणजे वाळुंज, नद्या-ओढ्यांच्या काठानं असतो, पण तो एवढा लोंबत नाही आणि त्यालाही ओल लागतेच.

बॉटलब्रश त्या मानानं फार सोशिक. हा लोंबणारा प्रकार ऑस्ट्रेलियातला, क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधल्या ओढ्यांच्या काठचा. पूर आला तरी उभा राहतो आणि एकदा मुळं खोल गेली की कोरड पण काढतो. पेरू-जांभळाच्या कुळातला आहे, पान चुरगाळून बघा, निलगिरीच्या जवळचा वास येईल. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, चुनखड. मला संशय तिथंच आहे पण आधी चार गोष्टी सांगा. पिवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आहेत का सगळं पान एकसारखं पिवळं? खड्डा केवढा घेतला होता आणि खाली काय लागलं? पिशवीतली माती लाल होती का काळी? आणि झाड खरंच लोंबणारं आहे ना? कारण ताठ वाढणारा दुसरा बॉटलब्रश पण ह्याच नावानं खपवतात. लोंबणाऱ्याची पानं अरुंद आणि कोवळे शेंडे मऊ, आपोआप खाली वळलेले. ताठ वाढणाऱ्याची पानं रुंद, कडक, आणि चुरगाळली की लिंबाचा वास.

जुळे_सोलापूरकर

ताई थँक्यू, बायको शेजारी बसून वाचालीय, विलोवर आता गप्प झालीय, वाळुंज सर्च करालीय.

आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं, अगदी बारीक जाळी काढल्यागत दिसतंय. शेंड्याची दोन-चार पानं तर जवळजवळ पांढरी. झाड लोंबणारंच आहे, शेंडे खाली वळलेत. खड्डा माळ्यानं घेतला, दोन फूट असेल, मी ऑफिसला होतो, तो म्हणाला खाली कडक लागलं. पिशवीतली माती लाल, चिकट, ढेकूळच होतं एक, तसंच ठेवलं त्यानं पिशवी फाडून.

डाळिंबवाला_सांगोला

राम राम साहेब. शिरा हिरव्या, मधलं पिवळं, आन ते बी शेंड्याला, म्हंजे लोह कमी पडतंय. नत्र कमी असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी झाली असती आन सारखी झाली असती. आमच्याकडं डाळिंबात हे बघून बघून डोळे पिकले.

पण ध्यानात घ्या, मातीत लोह नाही असं नाही. आपली काळी माती खडकापासनं झाली, त्यात लोह भरपूर. पण चुनखड असली की ते लोह मुळाला उचलता येत नाही. वरनं तुमचं बोअरचं जड पाणी, त्यात बायकार्बोनेट, म्हंजे रोज थोडा थोडा चुना तुम्हीच घालताय. आन १९:१९:१९ आता बंद करा, त्यात स्फुरद हाय, स्फुरद जास्त झालं की लोह आणखी अडकतं. शेजारचे काका आन सासरे दोघांचं बी थोडं थोडं बरोबर हाय. पाणी तुंबून राहिलं तरी असंच पिवळं पडतंय, चुनखडीच्या रानात तर जास्तच.

आधी एक करा. बुंध्यापासनं फूटभर लांब खुरप्यानं उकरा, वीतभर खालची माती एका वाटीत घ्या, वाळवा, आन वरनं व्हिनेगर नायतर लिंबू पिळा. फसफसलं तर चुना हाय. मग तसंच कंपाउंडच्या दुसऱ्या कोपऱ्यातली माती घेऊन बघा. दोन्हीत फरक पडला तर मला सांगा, मला एक दुसराच वास येतोय. नवीन घर, गेटजवळची जागा, दोन फुटावर कडक लागलं. बांधकाम चालू असताना माल कुठं कालवत होते, आठवतंय का?

एमएच१३_विकी

दादा सीआयडी लावला की तुम्ही तर

रेशीमधागा

मधेच घुसतोय पण वीपिंग तुतीचा कुणी विचारच केला नाही. तुतीला चुनखडीचं एवढं वावडं नाही, काळ्या जमिनीत मस्त येते, पाण्याचा ताण सोसते, आपल्या भागात रेशीमवाले लावतातच की. लोंबणारी जात असते ती साध्या तुतीच्या सरळ खोडावर वर कलम केलेली असते, त्यामुळं कलम जेवढ्या उंचीवर तिथनंच फांद्या खाली पडतात, छत्री उघडल्यासारखं दिसतं. पाच-सहा फुटावर कलम असेल तर गेटजवळ झाड आटोपशीर राहतं, बॉटलब्रशसारखं वीस-पंचवीस फूट जात नाही.

फक्त दोन गोष्टी. कलमाच्या खालनं खोडाला जे फुटवे येतात ते हातानं लगेच मोडायचे, नाहीतर साधी तुती वर चढून बसते आणि लोंबणारी उपाशी मरते. आणि पानं गळतात थंडीत, तेव्हा ते काटक्यांचं डोकं दिसतं, ते ज्याला चालतं त्यानंच लावावी. छाटणी पण तेव्हाच, जानेवारीत, फांदी कापताना बाहेरच्या अंगाच्या डोळ्यावर कापायची म्हणजे घेर वाढतो. काडीपासून पण येते पण मग ती जमिनीवरच सरपटते, काठीला बांधून हवी तेवढी उंच न्यावी लागते, तोवर धीर पाहिजे.

बाग_आणि_बरंच

तुतीचं पटलं. फळांचे डाग तेवढे फरशीवर पडतात आणि गेटजवळ गाडी लावत असाल तर गाडीवर. पण ह्यांचं झाड अजून मेलेलं नाहीये, आधी मातीचा निकाल येऊ दे.

सांगोलेकर, तुमच्या शंकेत माझी एक भर. ती लाल चिकट माती म्हणजे रोप बहुतेक आंध्रातल्या कडियमकडून आलंय, आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बरीच रोपं तिकडूनच ट्रकनं हैदराबाद रोडनं येतात. त्यात वाईट काही नाही, रोपं चांगली असतात. पण ते ढेकूळ जसंच्या तसं काळ्या मातीत ठेवलं की होतं काय, बाहेरची काळी माती पाणी धरून बसते, आतलं लाल ढेकूळ एकतर दगड होतं नाहीतर कायम ओलं राहतं, आणि मुळं त्या गोळ्याच्या बाहेर यायलाच तयार होत नाहीत. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं तशीच फिरत राहतात. झाड जेवढं होतं तेवढंच राहिलंय ह्याचं अर्धं कारण ते असणार. लावताना ते ढेकूळ बादलीभर पाण्यात ठेवून बाहेरची माती बोटांनी सुटी करायची आणि गुंडाळलेली मुळं उलगडायची असतात, पण माळी ज्या स्पीडनं लावतात त्यात हे कोण करणार.

जुळे_सोलापूरकर

मंडळी, निकाल आला.

आधी मागच्या अंगणातली माती घेतली, तुळशीच्या पलीकडची. लिंबू पिळलं, कडेला चार बुडबुडे आले न आले. मग गेटजवळची वाटीत घेऊन व्हिनेगर घातलं, सोडा बॉटल उघडल्यावर येतो तसा आवाज आला ओ, पोरगं ओरडलं पप्पा उकळालंय. मग मी आणि पोरानं टिकाव घेऊन झाडाच्या बाजूला उकरत गेलो, फूटभरावर राखाडी रंगाचा पापुद्रा लागला, चार बोटं जाड, टिकावाचा आवाज फरशीवर आपटल्यागत. त्याच्या खाली विटांचे तुकडे, खडी, सिमेंटच्या गोणीचं प्लॅस्टिक. ठेकेदारानं सगळं बांधकाम होईपर्यंत तिथंच माल कालवला आणि जाताना वरनं दोन ट्रॉली काळी माती ओढून सपाट करून दिलं, आम्ही पण किती छान लेव्हल केलंय म्हणून खूश. सांगोलेकर दादा तुम्ही न बघता सांगितलंत, मानलं.

आता सांगा, झाड हलवू का? मागच्या अंगणात जागा आहे पण बायकोला गेटजवळच हवं. आणि हलवायचं तर आत्ता का पावसाळ्यात?

डाळिंबवाला_सांगोला

झाड हलवायचं नाही साहेब, जागा बदलायची. म्हंजे माती. पण आत्ता मुळाला हात लावू नका. आता माघ लागतोय, दोन-तीन आठवड्यात ऊन चटका द्यायला लागंल, कमकुवत झाडाची मुळं उघडी केली तर उन्हाळा काढणार नाही. मृगाचा पाऊस झाला की काढायचं, सगळा राडारोडा उपसायचा आन तिथंच परत लावायचं. तवर झाडाला पानावाटे जेवण द्या.

हिराकस आणा, कृषी केंद्रात फेरस सल्फेट म्हणून मिळतंय. घेताना रंग बघा, हिरवट खडे पाहिजेत, तांबूस पडलेलं असलं तर ते गंजलं, घेऊ नका. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम लोक मारत्यात, तुमचं रोप लहान अन आजारी हाय, तीन ग्रॅमनं सुरू करा. पाण्यात आधी एक ग्रॅम लिंबूसत्व टाका, मग हिराकस. बोअरचं पाणी वापरू नका, फवारणीपुरतं एक लिटर पिण्याचं पाणी घ्या, तेवढ्यानं वैनी काय बोलणार नाहीत. ऊन उतरल्यावर मारायचं, पानाच्या खालनं बी. आठ-दहा दिसांनी परत. पांढरी झालेली पानं परत हिरवी होतीलच असं नाही, त्याच्याकडं बघू नका, नवीन शेंडा कोणत्या रंगाचा येतोय ते बघा. आन फरशीवर उडू देऊ नका, शहाबादीवर तांबडे डाग पडले तर ते जाता जात नाहीत.

जमिनीतनं द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हंजे मुळाला उचलता येईल असं बांधून ठेवलेलं, पण दुकानदार ईडीटीएवालं स्वस्तातलं हातात ठेवील, ते चुनखडीत टिकत नाही, फवारायला ठीक. जमिनीत ईडीडीएचए लिहिलेलंच मागा, लालसर पूड असते. महाग हाय. तुमच्या एका झाडाला लई लागणार नाही पण खाली सिमेंट असताना ते घालणं म्हंजे पैसे पुरणं, जूनमध्ये नवीन मातीत लावल्यावर बघू.

पेठेतला_पाटील

मुरारजी पेठेतनं. वरचं सगळं बरोबर आहे, पाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बोअरचं पाणी जड आहे म्हणून लोक आरओचं वाया जाणारं पाणी झाडाला घालतात, ते घालू नका, मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पण तसंच. एसीचं जे टपकतं ते मात्र घाला, त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि मे महिन्यात आपल्याकडं एसी किती चालतो हे काय सांगायला पाहिजे का, खाली कॅन लावून ठेवा.

आणि तुमच्या घराला स्लॅब किती आहे? हजार स्क्वेअर फूट धरला तरी साडेपाचशे मिलिमीटर पावसात वर्षाला पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी त्यावर पडतं, त्यातलं काही उडून वाहून गेलं तरी बरंच राहतं. उजनी भरली का नाही ह्याच्या बातम्या बघण्यापेक्षा पावळणीचा पाइप एका ड्रममध्ये सोडा आणि ड्रम भरला की उरलेलं त्या गेटजवळच्या खड्ड्याकडं वळवा. पावसाच्या पाण्यानं साठलेले क्षार खाली धुऊन जातात, ते बोअरच्या पाण्यानं कधीच होणार नाही.

एमएच१३_विकी

ड्रमला झाकण लावा नायतर डासांचा प्लॅन्ट होईल

बाग_आणि_बरंच

विकीनं आज पहिल्यांदा कामाचं लिहिलं.

जूनच्या कामाचं मी सांगते. राडारोडा काढायचा म्हणजे वरवर नाही, तो राखाडी पापुद्रा जिथपर्यंत पसरलाय तिथपर्यंत, निदान चार-पाच फूट लांबी-रुंदीचा आणि तीन फूट खोल खड्डा होईल. पापुद्र्याखाली मुरूम लागला तर पहारीनं फोडा, नाहीतर खड्ड्यात पाणी भांड्यात साठल्यासारखं साठेल. कामगार लावायच्या आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुरलं पाहिजे. भरताना नुसती काळी माती नको, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. मागच्या अंगणातली माती, त्यात चाळलेला मुरूम आणि कुजलेलं शेणखत. मुरूम विकत घेतलात तर त्यावर पण लिंबू पिळून बघा, पांढरे खडे असलेला मुरूम नको. शंका वाटली तर कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून मिळते, त्यात सामू (पीएच) आणि मुक्त चुना हे दोन आकडे बघायचे, बाकीचं तुम्हाला लागणार नाही.

वरून आळ्यात चार बोटं उसाचं पाचट अंथरा, आपल्याकडं ते लोक रानात जाळून टाकतात, मागितलं तर फुकट देतील. बुंध्याला चिकटवू नका. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, एका वेळी पंचवीस-तीस लिटर, सावकाश मुरेल असं. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच फिरतात आणि क्षार पण वरच साठतात.

आता लोंबण्याबद्दल, कारण वहिनींना तेच हवंय. ह्या झाडाचा मधला शेंडा पण मऊ असतो, मोकळा सोडला तर लहानपणीच वाकतो आणि झाड उंच न होता झुडूप होतं. म्हणून सुरुवातीला एक शेंडा निवडून बांबूला धरून सरळ वर न्यायचा, तुम्हाला गेटमधून वाकून जायला लागू नये एवढी म्हणजे सात-आठ फूट उंची झाली की मग सोडून द्यायचा, तो स्वतःच वाकतो. बांधायला तार नको, सुतळी पण काचते. यंत्रमागाच्या कारखान्यात चादरीच्या, टॉवेलच्या काठाच्या कापलेल्या पट्ट्या निघतात ना, त्या सगळ्यात उत्तम, मऊ असतात आणि सोलापुरात कुणाकडं तरी असतातच. आठाच्या आकड्यात बांधा म्हणजे खोड आणि बांबू घासणार नाहीत. खालच्या फांद्या एकदम काढू नका, खोड जाड व्हायला त्या लागतात, दरवर्षी खालून थोड्या थोड्या.

छाटणी फुलं संपल्यावर लगेच, तीही थोडीच, वाळलेल्या ब्रशच्या जरा मागं. ह्या झाडाची मजा अशी की फुलाच्या टोकातूनच फांदी पुढं वाढत जाते, म्हणून फुलं गेली की त्या जागी काडीला चिकटलेल्या बारीक टणक बोंडांचं कडं राहतं आणि त्याच्या पुढं नवीन पानं. जुन्या फांदीवर अशी कडी मोजत गेलात तर किती बहर होऊन गेले ते कळतं. दिवाळीत साफसफाई म्हणून सगळे शेंडे कापले की पुढच्या बहराचा बराचसा भाग गेलाच समजा. आमच्या कॉलनीत एकदा माळ्यानं कात्री घेऊन त्याला गोल गरगरीत केलं होतं, लोंबणाऱ्या झाडाला गोल आकार देणाऱ्या माणसाला काय म्हणावं.

रेशीमधागा

ताई पटलं सगळं, पण एक विचारतो, ह्यांचं झाड पावसाळ्यापासून सिमेंटात आणि गोल फिरलेल्या मुळांवर जगलंय. जूनमध्ये एवढा खर्च करून खड्डा भरणार आणि त्यात हेच कमकुवत रोप लावणार का? शंभर-दोनशे रुपयांचं नवीन रोप घ्यावं की. खड्ड्याचा खर्च रोपाच्या कितीतरी पट आहे.

बाग_आणि_बरंच

मुद्दा बरोबर आहे. जूनमध्ये उपसताना मुळं बघून ठरवा. ढेकळाच्या बाहेर पांढरी कोवळी मुळं आली असतील तर ठेवा, हे झाड वाचेल आणि पुढं पळेल. मुख्य मूळच गोल वळून दोरीगत आवळलं असेल तर मोह करू नका, ते पाच-सात वर्षांनी वादळात बुंध्यातून मोडतं. नवीन घ्यायचं तर बियांपासून केलेलं घेऊ नका, त्यात कोणतं लोंबेल कोणतं नाही भरवसा नसतो, कलमाचं किंवा छाट कलमाचं मागा आणि लहान घ्या. लोक पाच-सहा फुटी रोप बघून भुलतात, लहान पिशवीतलं दीड फुटाचं रोप आपल्या मातीत लवकर रुळतं आणि मोठ्याला मागं टाकतं.

पेठेतला_पाटील

गेटच्या पिलरपासून आणि पाण्याच्या हौदापासून किती लांब आहे ते पण बघा. आठ-दहा फूट अंतर असू द्या. बॉटलब्रशची मुळं विलो किंवा वडा-उंबराच्या जातीएवढी दांडगी नसतात पण फांद्यांचा घेर होतोच, आणि रस्त्याच्या अंगाला वरनं लाईटची तार गेली असेल तर महावितरणवाले लोंबणारी ताठ असलं काही बघत नाहीत.

जुळे_सोलापूरकर

लाईट पलीकडच्या बाजूनं आहे, हौद मागं आहे. पिलरपासून पाचच फूट होतं, जूनमध्ये खड्डा आतल्या अंगाला सरकवतो, तेवढी जागा आहे.

हिराकस आणलं, पहिल्या दुकानात तांबूसच दाखवालता, दादांचं ऐकून परत दिलं, दुसरीकडं हिरवट मिळालं. काल संध्याकाळी फवारलं, खाली पेपर अंथरून. ठेकेदाराला फोन केला, म्हणाला साहेब सगळीकडं असंच करतात. राडारोडा उचलायचा खर्च त्यानं द्यावा म्हणून बोललोय, बघू किती देतोय.

रेशीमधागा साहेब, ती वीपिंग तुती आपल्याकडं कुठं मिळेल? गेटजवळ बॉटलब्रशच राहणार, पण बायको म्हणते मागच्या अंगणात एक जागा आहे.

रेशीमधागा

सोलापुरात साध्या नर्सरीत क्वचित दिसते, पुण्याकडच्या मोठ्या नर्सऱ्यांत विचारा, कलम किती फुटावर आहे ते फोटोत दाखवायला सांगूनच पैसे द्या. आणि कलम करणारा कुणी ओळखीचा असेल तर साधी तुती आत्ताच लावून ठेवा, खोड हाताच्या अंगठ्याएवढं झालं की पुढच्या जानेवारीत त्यावरच करता येईल. साधी तुती कुठंही मिळते, मागच्या अंगणातली माती लिंबाला पण फारशी फसफसली नाही म्हणताय, मग काळजीच नाही.